उत्तराची रेघ

२ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा विभागातून अखेर सुटका झाली. इतकी वर्षं गुणपत्रिकांवरच्या नावांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले, आता विद्यापीठाच्या संगणक केंद्रात सॉफ्टवेअरची लायसन्सं सांभाळायची. नवं काम, म्हणून नवी रोजनिशी. ह्यांचं म्हणणं, आठवडाभर लिहिशील आणि मग त्यात वाण्याचे हिशेब येतील. बघू.

माझ्या आधीच्या बाई निवृत्त झाल्या. जाता जाता त्यांनी मला काम समजावलं ते असं: गणितवाले, अभियांत्रिकीवाले, अर्थशास्त्रवाले, सगळे मोठ्या आकडेमोडीसाठी एकच सॉफ्टवेअर वापरतात. विद्यापीठानं त्याच्या मोजक्या जागा घेतल्यात. एक उठला की दुसऱ्यानं बसायचं. घरून चालत नाही, वरच्या लॅबमध्येच यावं लागतं. "तुझं काम एवढंच," त्या म्हणाल्या, "कोण बसलंय ते बघायचं आणि बसल्या जागी झोपला असेल त्याला उठवायचं." हे मला जमण्यासारखं आहे. वर्गात हेच करत आले असते, शिक्षिका झाले असते तर.

खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. दरवाजा अर्ध्यात अडकतो, खांदा लावावा लागतो. लॅब सांभाळणारे मामा (सगळेच त्यांना मामा म्हणतात) म्हणाले, लाकूड फुगलंय. एवढ्या कोरड्या हवेत फुगलं म्हणजे लाकूडही सरकारीच असणार.

लेक याच लॅबमध्ये शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतेय. ती रात्री म्हणाली, आई, आता तू आमची मालकीण. तिला सांगून टाकलं, रांगेत उभी राहा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नव्याची नवलाई संपली. सकाळपासून तक्रारी. लॅबमधली यंत्रं रिकामी आणि सॉफ्टवेअर म्हणतं, जागा शिल्लक नाही. मी स्क्रीनवर बसलेल्यांची नावं उघडली. बहुतेक विद्यार्थी. पण एका नावावर एक नाही, दोन नाहीत, चिक्कार जागा अडकलेल्या. एवढ्यात अख्खा वर्ग बसला असता. नावापुढे पद लिहिलेलं: प्राध्यापक, स्थापत्य.

संचालक साहेबांकडे गेले. ते चहा पीत होते. नाव सांगितलं तर कप खाली ठेवला. म्हणाले, ते ओळंबा सर. ते ऑक्टोबरमध्ये वारले.

खिशात कायम गवंड्याचा ओळंबा बाळगायचे, दिसेल त्या भिंतीला त्याची दोरी सोडून ती सरळ उभी आहे का बघायचे, म्हणून मुलांनी ते नाव पाडलेलं. हृदयविकारानं गेले, इथेच, जिन्यात. मी विचारलं, मग जागा कोण वापरतंय? साहेब म्हणाले, तेच मी तुम्हाला विचारणार होतो.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे. टंकलेखक बाई मला म्हणाल्या, जिवंत माणसं खुर्ची सोडत नाहीत हे पाहिलं होतं. सगळे हसले. मीही हसले, पण माझ्या खोलीला लागून तोच जिना आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मामांना घेऊन यंत्र शोधलं. जिन्याखाली एक लहानशी खोली आहे, माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडची. सर गेल्यापासून ती कोणी उघडली नव्हती. मामांना किल्ली सापडेना, सापडली तर फिरेना. शेवटी दार उघडलं, आणि आतून ऊब आली. माणूस नुकताच उठून गेल्यासारखी.

आत संगणक चालू होता. त्याच्यापासून वायरी निघून भिंतीत गेलेल्या, आणि भिंतीवर ठिकठिकाणी काड्यापेटीएवढ्या डब्या चिकटवलेल्या. मध्यभागी छताला एक ओळंबा टांगलेला. खाली फरशीवर रंगानं एक वर्तुळ काढलंय, पण ओळंबा त्याच्या मध्यावर नाही, कडेच्याही बाहेर लोंबतोय. एवढा काटेकोर माणूस आणि साधा नेम साधला नाही, याचं नवल वाटलं.

स्क्रीनवर एकच रेघ. डावीकडे उंचावरून निघून उजवीकडे खाली खाली येणारी. वर शीर्षक मोठ्या अक्षरात: उत्तर. आणि यंत्राला चिकटवलेल्या चिठ्ठीवर सरांच्या अक्षरात, 'चालू आहे. बंद करू नये.'

साहेब म्हणाले, राहू दे. जुनं लायसन्स फेब्रुवारीअखेर संपतंय, तेव्हा जागा आपोआप सुटतील. मेलेल्या माणसाचं काम आपण मध्येच तोडलं असं नको व्हायला. त्यांचं आणि सरांचं फारसं पटत नव्हतं असं मामांकडून कळलं. म्हणूनच बहुधा साहेब जरा हळवे झाले.

११ फेब्रुवारी, बुधवार

रोज जेवणानंतर ती रेघ बघून येते. खरंच खाली येतेय. मला गणितातलं कळत नाही, पण एवढं कळतं की उत्तर खाली टेकलं की काम संपलं आणि जागा मोकळ्या. लॅबमधल्या मुलांनाही तसंच सांगितलं, धीर धरा, सरांचं आटोपत आलंय.

माझ्या खोलीतल्या खिडकीची काच आपोआप तडकली. कोपऱ्यातून कोपऱ्यात. मुलांचा चेंडू असणार, पण चेंडू काही सापडला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हे लिहू की नको असं झालंय. दुपारी डबा खात होते. लॅब जेवणासाठी बंद, मामा बाहेर झाडाखाली बसलेले, खिडकीतून मला दिसत होते. इमारतीत मी एकटी. आणि भिंतीतून आवाज आला. लांबलचक, जड. वरच्या मजल्यावर कोणी बाक ओढत न्यावा तसा. मग थांबला. मग जिन्याच्या बाजूनं एकदा खट्ट.

भिंतीला कान असतात हे लहानपणापासून ऐकत आले. तोंड असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

मी डबा तसाच झाकून बाहेर मामांजवळ जाऊन बसले. त्यांना विचारलं नाही. त्यांनीच आपणहून सांगितलं की हल्ली त्यांना आत जेवायला आवडत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सरांच्या बहिणीकडे जाऊन आले. सरांच्या खात्याचा पासवर्ड मिळाला तर काम नीट बंद करता येईल, असं मनाला सांगत गेले. खरं तर मला त्यांच्याबद्दल ऐकायचं होतं.

ताई निवृत्त मुख्याध्यापिका. दोघं भावंडं अविवाहित, एकत्र राहायची. घर लख्ख, आणि एकही फोटो वाकडा नाही. पासवर्ड त्यांना माहीत नव्हता. शेवटची दोन वर्षं सर फार गप्प झाले होते म्हणाल्या. कोणाकोणाकडे जायचे, काहीतरी मांडायचे, परत यायचे. लोक हसतात म्हणायचे.

मी विचारलं, त्या यंत्रावर कसलं गणित चालू आहे, काही बोलले होते का?

"मी विचारलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "मी रोज विचारायची ते एवढंच, जेवलास का. तो म्हणायचा, कोणी मन लावून विचारलं तर सांगेन."

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. माझी खोली कुठे आहे ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यानं मला त्या इमारतीत पाऊल टाकू दिलं नाही कधी. डबा द्यायला गेले तरी बाहेर यायचा. तूही जास्त वेळ बसत जाऊ नकोस."

म्हणजे जिवंतपणीही त्यांना तिथे कोणी आलेलं नको होतं. आणि मी रोज जाऊन त्यांच्या रेघेसमोर उभी राहते. उद्यापासून नाही जाणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गेलेच. रेघ आता स्क्रीनच्या खालच्या निम्म्यात आहे. दारातूनच म्हणाले, सर, आटपा लवकर, पोरं खोळंबलीत. मोठ्यानं म्हणाले. मग माझी मलाच लाज वाटली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना लेक सांगत होती, लॅबमध्ये एक गंमत झालीय. खुर्च्या चाकाच्या आहेत. माणूस उठला की खुर्ची आपली आपण निघते आणि खिडकीच्या भिंतीशी जाऊन उभी राहते. दुपारपर्यंत रिकाम्या खुर्च्यांची तिथे सभा भरलेली असते. पोरं म्हणतात, ओळंबा सर तास घेतायत.

हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. बोलणं कमी. त्यांनी विचारलं, सगळ्या खुर्च्या एकाच भिंतीशी?

मी म्हटलं, फरशीला नवं पॉलिश केलंय ना.

ते ताट उचलून मोरीकडे गेले. झोपताना मात्र म्हणाले, महिनाभर रजा मिळेल का तुला? कमाल आहे. नव्या कामाला तीन आठवडे झाले नाहीत आणि रजा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. सगळ्या विभागांचे प्रकल्प शनिवारी, अठ्ठावीसला जमा करायचेत. लॅबमध्ये मुंगीला शिरायला जागा नाही. उभ्यानं, खिडकीत बसून, एकेका यंत्रापाशी चारचार. जागा मिळालेला पोरगा पाणी प्यायलाही उठत नाही. उठला की दुसरा बसतो. साहेब स्वतः आले, म्हणाले, बाई, आता हळवेपणा पुरे, सरांच्या जागा सोडवा.

मी माझ्या टेबलावरून आज्ञा दिली. जागा सुटल्या. वर टाळ्या पडल्या, खाली ऐकू आल्या. मी हुश्श करून पाण्याचा पेला उचलला, तोवर त्या सगळ्या जागा परत सरांच्या नावावर.

पुन्हा सोडवल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही सोडवल्या. नाव एकेका ओळीनं परत येताना दिसत होतं. कोणी शांतपणे परत येऊन आपल्या खुर्चीत बसावं तसं. राग नाही, घाई नाही.

चौथ्यांदा नाही केलं. साहेबांना सांगितलं, ते ऐकत नाहीत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोण ऐकत नाही ते विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

झालं तसं क्रमानं लिहिते.

सकाळी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या मदत-केंद्राला फोन लावला. तिकडचा माणूस सौम्य बोलणारा. त्यानं पहिल्या झटक्यात भूत उतरवलं. जागा गेली की पुन्हा मागायची, मिळेपर्यंत मागत राहायची, असं सरांनी प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलंय. मला इतकं हलकं वाटलं की मी हसलेच. मग सहज विचारलं, हे गणित कधी संपेल ते सांगता येईल का?

तो म्हणाला, यंत्रासमोर जाऊन स्क्रीनवर काय आहे ते वाचून दाखवा. मोबाइल कानाला लावून जिन्याखालच्या खोलीत गेले. रेघ तळापासून बोटभर उरलेली. सांगितलं, शीर्षक आहे 'उत्तर', आणि ते आता खाली आलंय.

त्यानं विचारलं, याच्यामागे आणखी खिडक्या उघड्या आहेत का? तळाशी बारीक पट्ट्या होत्या, मी कधी पाहिल्याच नव्हत्या. एक दाबली. तशीच रेघ, पण उंचावर, आडवी, शांत. शीर्षक: पूर्व. दुसरी दाबली. दक्षिण. तिसरी, पश्चिम.

मी वाचत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला. उत्तर म्हणजे उत्तर नव्हतं. दिशा होती.

त्यानं विचारलं, उभ्या बाजूला काय लिहिलंय? मी वाचलं, एक भागिले वेग. त्यानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग सावकाश म्हणाला, मी स्थापत्याचा नाही मॅडम, पण अशा रेघा पाहिल्यात, दरडींच्या कामात. एखादी गोष्ट जेवढी जोरात सरकते तेवढी रेघ खाली जाते.

"आणि टेकली की गणित संपतं," मी म्हटलं.

"गणित नाही मॅडम. सरकणारं जे असेल ते संपतं." मग त्यानं विचारलं, "तुम्ही आत्ता कुठून बोलताय?"

माझा हात भिंतीवर होता, वायरींच्या एका डबीशेजारी. ही इमारत जुनी खाण भरून तिच्यावर बांधलीय हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खाण उत्तरेच्या अंगाला होती तेही. ओळंब्याकडे पाहिलं. सरांचा नेम चुकलेलाच नव्हता. ओळंबा होता तिथेच होता. वर्तुळ सरकलं होतं.

तडक साहेबांकडे गेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, तेवढं श्रेय मी त्यांना देईन. म्हणाले, हे सरांनी अनेकदा मांडलं होतं. समिती नेमली, इमारत ठणठणीत आहे असा अहवाल आला. मीच तेव्हा सरांना म्हणालो होतो, आता पुरे करा. आज मी त्यांच्या रेघेवरून लॅब बंद करू? शनिवारी शेकडो पोरांची वर्षं अडकलीत. लोक हसतील, बाई.

स्थापत्य विभागात गेले. विभागप्रमुख परगावी, सोमवारी येऊन बघतील म्हणाले.

मग वर लॅबमध्ये गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, इमारत धोक्याची आहे, उठा, बाहेर चला. काहींनी मान वर केली. पहिल्या रांगेतला एक म्हणाला, बाई, उठलो तर जागा जाईल. कोणीतरी मागून म्हणालं, ओळंबा बाई. हशा पिकला. लेक कोपऱ्यात बसली होती. तिनं मान खाली घातली ती वर केली नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर एकच विचार. भिंतीसाठी कोणी उठणार नाही. जागा मिळावी म्हणून मात्र सगळे बसलेत. माझ्या हातात भिंत नाही, जागा आहेत.

पण सगळ्या जागा बंद करायच्या म्हणजे सरांच्याही. मग त्यांची रेघ तिथेच थांबणार. आत्तापर्यंत निदान बघता येत होतं. पुढे कोणालाच काही कळणार नाही, मलाही नाही. एकुलता एक जागता डोळा मी मिटवणार. जाऊन त्या यंत्रापाशी उभी राहिले. काय बोलणार. म्हटलं, सर, मी आता विचारते आहे, पण तुम्हाला सांगायला वेळ उरला नाही.

सकाळी सूचना लावली, काम जतन करून ठेवा. मग माझ्या टेबलाशी बसून अख्खी लायसन्स सेवा बंद केली. नावं एकेक करून गेली. सरांचं सगळ्यात शेवटी गेलं. ते परत येतंय का म्हणून मी डोळे फाडून बघत राहिले. नाही आलं.

वर आधी शांतता, मग खुर्च्यांचा गडगडाट, मग जिन्यावर पावलं. शिव्या ऐकल्या. चुकीच्या होत्या असं म्हणवत नाही. साहेबांना सांगितलं, नूतनीकरणाची फाइल बिघडलीय, दुरुस्त होऊन यायला दोन दिवस लागतील. ऑफिसात असं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. जीभ अडखळली नाही याचंच भय वाटलं.

लेक खाली आली. विचारलं, आई, हे तू केलंस? हो म्हटलं. ती म्हणाली, माझे आकडे उद्यापर्यंत आले नाहीत तर मी नापास होईन, कळतंय का तुला? मला कळत होतं. ती मैत्रिणीकडे राहायला गेली.

संध्याकाळी निघताना सरांच्या खोलीत डोकावले. मध्यभागी चौकट आलेली: लायसन्स उपलब्ध नाही. तिच्यामागे रेघ तळाच्या जरा वर थबकलेली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

काही झालं नाही. दिवसभर काहीही झालं नाही. लॅबला कुलूप, अंगणात पोरं घोळका करून उभी, कोणाचे पालकही आलेले. माझ्याकडे बोट दाखवून सांगतात. मी वेडी ठरले तर? समितीत शिकलेली माणसं होती. मी कोण? गुणपत्रिका तपासणारी बाई, मेलेल्या माणसाशी बोलणारी.

दोनच गोष्टी लिहून ठेवते. भिंत आज गप्प आहे, एकदाही आवाज नाही. आणि खोलीचा दरवाजा, रोज खांदा लावावा लागायचा तो, आज बोटानं उघडला आणि बोटानं मिटला. मामांनाही आधी आनंद झाला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आनंद मावळला.

साहेबांना कंपनीकडून कळलंय की फाइलमध्ये काही बिघाड नाही. उद्या सकाळी माझ्या खोलीत येऊन ते समोर उभे राहून सेवा चालू करून घेणार आहेत.

ह्यांनी आज जेवण केलं, भांडी घासली, आणि म्हणाले, उद्या मी येतो सोबत. मी नको म्हटलं. एवढ्यात तिथे माणसं कमी असलेली बरी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पोचल्याबरोबर मामांना मुख्य इमारतीत टपाल आणायला पाठवलं. शनिवारी टपाल नसतं, हे त्यांनाही ठाऊक. ते मुकाट्यानं गेले. पोरं अंगणात पलीकडच्या झाडांखाली बसली होती, लॅब उघडायची वाट बघत. त्यांत लेकही दिसली. माझ्याकडे पाठ करून.

मग मी जिन्याखाली गेले. का गेले सांगता येणार नाही. परवाची चौकट तशीच होती, लायसन्स उपलब्ध नाही. तिच्यामागे रेघ.

रेघ टेकली होती.

मी नीट पाहिलं. वाकून, नाक काचेला लागेल इतक्या जवळून. परवा मधे फट होती. आज नव्हती.

बाहेर आले तर साहेब माझ्या खोलीत, माझ्याच खुर्चीत बसलेले, पासवर्डच्या चौकटीपाशी. म्हणाले, बाई, पासवर्ड सांगा. मी तुमच्यावर काही कारवाई करणार नाही. फक्त सांगा.

मी म्हटलं, "बाहेर चला. तिथे सांगते."

"इथे सांगा."

"इथे नाही सांगणार, साहेब. मरेपर्यंत नाही सांगणार. बाहेर आलात तर लगेच सांगते."

मला वाटतं, वेड्या बाईची समजूत काढायची म्हणूनच ते उठले. मी पुढे, ते मागे. दारापुढच्या पायऱ्या उतरलो. ते थांबले, मी चालत राहिले, त्यांना यावं लागलं. झाडांपर्यंत आलो तेव्हा पोरं उठून उभी राहिली. मी पासवर्ड सांगायला लागले. मुद्दाम सावकाश. साहेब खिसे चाचपत होते, लिहायला काही नव्हतं. एका मुलीनं पेन पुढे केलं. त्यांनी तळहातावर पहिलं अक्षर लिहिलं.

आवाज मोठा नव्हता. खूप जड पोतं कोणी जपून जमिनीवर टेकवावं तसा. आम्ही वळून पाहिलं तर इमारतीची उत्तरेकडची बाजू खाली बसत होती. पडत नव्हती, बसत होती. मजल्यावर मजला, खिडक्यांसकट. जिना, माझी खोली, वरच्या लॅबचा अर्धा भाग. मग धूळ आली आणि दिसायचं बंद झालं.

धुळीतून कोणीतरी माझं कोपर घट्ट धरलं. धूळ बसल्यावर पाहिलं तर लेक होती. साहेब तळहाताकडे बघत उभे होते. मग त्यांनी ती मूठ मिटली आणि पोरांना मोजायला सुरुवात केली. मोजताना त्यांचा आवाज फुटत होता, पण ते शेवटपर्यंत मोजत गेले. सगळी होती.

मामा टपालाविना परत आले आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

३ मार्च, मंगळवार

दोन दिवस पोलीस, अधिकारी, छायाचित्रकार. प्रकल्पांना मुदतवाढ मिळाली. साहेबांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय की सरांचा इशारा त्यांनी मानला नव्हता. कोणी मागितलं नसताना दिलं. लेक घरी आलीय. अजून फार बोलत नाही, पण मी स्वयंपाकघरात असले की तिथेच येऊन अभ्यासाला बसते.

गावभर मात्र वेगळीच आवई. ओळंबा सरांनी इमारत पाडली म्हणतात. जिवंतपणी ऐकलं नाहीत, मेल्यावर सूड घेतला. टंकलेखक बाईंनी मला हे कानात सांगितलं. मी त्यांना चांगलंच सुनावलं. आठवडाभरापूर्वी मीही असंच काहीबाही मानत होते, ते त्यांना नाही सांगितलं.

सकाळी कंपनीच्या त्या माणसाचा फोन आला होता. वर्तमानपत्रात वाचलं म्हणाला. कितीदा तरी बरं झालं, बरं झालं म्हणाला. मी त्याला एकच विचारलं. सेवा बंद केल्यावरही प्रोग्रॅम दोन दिवस चालू राहू शकतो का? काही सवलत, काही मुदत? तो म्हणाला, शक्य नाही मॅडम. लायसन्स गेलं की पुढचा एक ठिपकासुद्धा काढता येत नाही. रेघ जिथे होती तिथेच राहते. घाबरलेल्या माणसाला दिसतं तसं, असंही म्हणाला. असेल. यंत्र आता ढिगाऱ्याखाली आहे, कोणाला दाखवता येणार नाही.

दुपारी सरांच्या बहिणीकडे गेले. त्यांना आवई कळलेली होती. डोळे सुजलेले. मी त्यांना सगळं सांगितलं, रेघेचं, जागांचं, साहेबांच्या तळहाताचं. आणि जे अजून ह्यांनाही सांगितलं नव्हतं तेही. मी गुरुवारी त्यांचं काम मध्येच तोडलं होतं, आणि शनिवारी ते पुरं झालेलं पाहिलं.

मला वाटलं त्या घाबरतील. त्या उठल्या, दोन भांड्यांत पाणी आणलं, एक माझ्यापुढे ठेवलं.

"अर्धं टाकून उठायची सवय नव्हती त्याला," त्या म्हणाल्या.